न वाचता छापलेला लेख

माझी थोरली जाऊ कुल्याश लग्नाआधीपासून पशुवैद्यकीय संस्थेत शिकवत होती. मेंढीच्या कलेजीत कुत्र्यांमुळे ज्या गाठी होतात, तो तिचा विषय. मी नवी नवरी म्हणून अल्माटीच्या त्या घरात आले तेव्हा पहिल्याच जेवणाला ती ताटातल्या कलेजीचा तुकडा उजेडाकडे धरून बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ही शिजलेली आहे. हिचं तरी पोस्टमॉर्टेम करू नकोस." सगळे हसले. कुल्याशही हसली, पण तुकडा नीट बघूनच तोंडात घातला. तेव्हा ती तशी होती.

विद्यार्थी तिला आपाय म्हणत, म्हणजे ताईही आणि बाईही. मीही तेच म्हणू लागले.

तिचे गुरू म्हणजे तोक्तार आगाय; आगाय म्हणजे सर. जुना सोव्हिएत देश मोडला, कझाकस्तान वेगळा झाला, पगार महिनोन् महिने होईनासे झाले, संस्थेतले अर्धे लोक बाजारात चिनी स्वेटर विकायला बसले, त्या दिवसांत या माणसाने पशुवैद्यकाचं एक त्रैमासिक काढलं. कागद इतका वाईट की पान उलटलं की बोटाला शाई लागायची. पण आलेला प्रत्येक लेख आगाय स्वतः वाचत. कुल्याशचा पहिला लेख त्यांनी इतक्या वेळा परत केला की ती रडकुंडीला आली. "या वाक्याच्या मागे तू लपली आहेस," ते म्हणायचे. "तुला माहीत नाही, तर माहीत नाही असं लिही. मेंढीला त्याचा राग येत नाही." शेवटी लेख छापला तेव्हा तिने तो अंक आमच्या सगळ्या नातेवाइकांना वाटला. वाचला कुणीच नाही, पण आमच्या नणंदेने तो फ्रीजवर बरीच वर्षं ठेवला होता.

आगायांची नजर अधू झाली तेव्हा त्रैमासिक त्यांनी कुल्याशच्या हवाली केलं. तिनेही ते काही वर्षं त्यांच्यासारखंच चालवलं. लेख घेऊन ती आमच्या स्वयंपाकघरात बसायची, एखाद्या वाक्यावर चिडायची आणि मलाच वाचून दाखवायची. "उल्बोसिन, तूच सांग, याचा काही अर्थ लागतो का?" मी बालवाडीत स्वयंपाक करणारी बाई. मी म्हणायचे, "आपाय, मीठ जास्त झालंय एवढं कळतंय." ती खूश व्हायची.

मग कैसार आला. तिचाच जुना विद्यार्थी, ताल्दीकोर्गानच्या ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. गुरं सोडून कॉम्प्युटरकडे वळलेला, बोलायला गोड, हाताला चपळ. तिच्यापुढे बसून म्हणाला, "आपाय, तुमचं त्रैमासिक म्हणजे म्हातारीचं दुकान झालंय. गिऱ्हाईक येतं, चहा पितं, गप्पा मारून जातं. माल कुठाय?" ती म्हणाली, "हा धंदा नाही रे." तो म्हणाला, "म्हणून तर बंद पडायला आलंय."

त्याचं खोटं नव्हतं. दोघांनी मिळून कंपनी काढली. नाव ठेवलं 'अक-बुलाक', पांढरा झरा. टायर दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली घेतली. तिथे हवेला रबराचा वास, पण लेख मात्र अजून नीट वाचले जात.

त्यानंतर सरकारचा तो नियम आला. डॉक्टरेट हवी, बढती हवी, तर आंतरराष्ट्रीय सूचीतल्या नियतकालिकात लेख छापून आला पाहिजे. एका रात्रीत अख्ख्या देशाला लेखकच व्हावं लागलं. किझिलोर्दाचे कृषितज्ज्ञ, श्यम्केंतचे वकील, अक्तौचे तेल-इंजिनिअर, सगळे लेख घेऊन धावत सुटले. कैसारने कुठे कुठे खटपट करून आमचं त्रैमासिक त्या सूचीत बसवलं, आणि पैसे भरून लेख छापून घ्यायला टायरवाल्याच्या जिन्यावर रांग लागली. मग शिक्षणाचं नियतकालिक निघालं, मग कायद्याचं, मग बांधकामाचं, मग एक असं की ज्याच्या नावावरून विषयच कळायचा नाही. ओशहून, दुशान्बेहून, पुढे पुढे नकाशात शोधावं लागेल अशा गावांहून लेख येऊ लागले. कंपनी काचेच्या इमारतीत गेली. एक मजला, मग दोन. खाली लॉबीत खऱ्या पाण्याचा छोटा झरा बसवला होता.

मी तिला चिडवायचे, "आपाय, यंदा किती बाळं झाली?"

"तीन."

"पाळण्याला तरी बोलवा."

ती हसायची. अंगावर चांगला कोट, दारात गाडी. आमच्या दिरांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मोठ्या इस्पितळात दाखवता आलं, ते आणखी काही वर्षं जगले. हेही खरंच आहे, मी ते लपवणार नाही. समारंभात तिला भरजरी चापान, म्हणजे मानाचा लांब झगा, पांघरवायचे, 'देशाच्या विज्ञानाची आई' म्हणायचे. एकदा मी सहज विचारलं, "एवढे सगळे लेख तुम्ही वाचता?"

"वेडी आहेस का? परीक्षक असतात त्याला."

परीक्षक म्हणजे हिशेबाच्या खोलीतल्या दोन पोरी होत्या. त्यांच्याकडे तयार वाक्यं होती: विषय कालोचित, पद्धत काटेकोर, निष्कर्ष पटण्याजोगे. लेखाचं नाव बदललं की परीक्षण तयार. कुल्याशची सही कॉम्प्युटरमध्ये साठवून ठेवलेली होती, तीही आपोआप बसायची. तिला हे माहीत होतं का? पुढे मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "त्या खोलीचं दार कायम अर्धं उघडं असायचं. मी त्या बाजूने जायचंच टाळायचे."

एका शरद ऋतूत तोक्तार आगाय कंपनीत आले. वय ऐंशीच्या पुढे. बसने, एकटे, सूट घालून, छातीवर जुनी पदकं लावून. पिशवीत एक लेख होता. स्वागतकक्षातल्या मुलीने वर फोन लावला, "आपाय, कुणी आजोबा आलेत. तुमचे गुरू म्हणतात."

कुल्याश खोलीतच होती. मीटिंग नव्हती. टेबलावर पर्यटन कंपनीचं पुस्तक उघडं होतं, अंताल्याची हॉटेलं बघत होती. फोनवर ती म्हणाली, "आगायांना छान चहा द्या, लेख घ्या, लगेच छापतो म्हणावं. मी मीटिंगमध्ये आहे असं सांगा." म्हातारा माणूस, एकदा बसला की दुपार जाईल, एवढाच तिचा विचार.

आगाय झऱ्यापाशी बराच वेळ बसले. मग उठून निघून गेले.

लेख लगेच छापून आला. कैसारने तर त्याची जाहिरात केली: 'ज्येष्ठ शास्त्रज्ञांचं नवं संशोधन, आमच्याच पानांवर.' कंपनीतल्या एकानेही तो वाचला नव्हता. बाहेर मात्र वाचला गेला. विद्यापीठातल्या लोकांच्या फोनवर पानांचे फोटो फिरू लागले. खाली हसणारे चेहरे. ताश्कंदच्या एका परिषदेत कुणीतरी ते पान पडद्यावर लावलं आणि सभागृह खदखदून हसलं म्हणे.

मग बातिमा आली. आगायांची मुलगी, संगीतशाळेत पियानो शिकवते. खाली स्वागतकक्षातल्या मुलीने सवयीप्रमाणे तिच्या हातात दरपत्रक ठेवलं. "लवकर हवं असेल तर दर वेगळा आहे, ताई." बातिमा ते दरपत्रक घेऊन तशीच वर आली आणि कुल्याशच्या टेबलावर ठेवून उभी राहिली.

"बस ना बातिमा, चहा सांगते."

"बाबांचा लेख वाचलात तुम्ही?"

"अगं, सध्या कामाची इतकी..."

"वाचलात की नाही?"

"नाही."

बातिमाने पिशवीतून अंक काढला. "तिसरं पान वाचा. मोठ्याने."

कुल्याशने अंक हातात घेतला, पण मोठ्याने वाचणं तिला जमलं नाही. पहिली दोन पानं ठीक होती, आगायांची जुनीच माहिती. तिसऱ्या पानावर पहिलाच परिच्छेद पुन्हा आला होता. मग आणखी एकदा. आणि मग लिहिलं होतं: इली नदीला पाणी चढलं आहे, आई पलीकडून हाका मारते आहे, कोकरं आधी उतरव, माझी काळजी करू नकोस, मला थंडी वाजत नाही. याच्या खाली निष्कर्ष आणि संदर्भसूची. आणि सगळ्यात शेवटी छापलेलं: पद्धत काटेकोर, निष्कर्ष पटण्याजोगे. त्याखाली संपादिका म्हणून कुल्याशचं नाव.

"त्यांच्या डोक्याचं काय होतंय, हे आम्ही घरच्या घरी झाकून ठेवलं होतं," बातिमा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पाहुणे आले की मी शेजारी बसायचे. ते चुकले की मी वाक्य पुरं करायचे. दारावरच्या पोस्टमनलासुद्धा कळलं नव्हतं. त्या दिवशी माझा डोळा चुकवून ते तुमच्याकडे आले, कारण त्यांना वाटलं, कुल्याश वाचेल. तुम्ही दोन मिनिटं समोर बसला असतात तर तुम्हाला कळलं असतं. लेख परत केला असतात तर त्यांनी तो फाडून टाकला असता, तुमच्यावर चिडले असते, आणि विसरले असते. आम्ही झाकलेलं तुम्ही जगाला छापून दिलंत."

कुल्याश म्हणाली, "मला माफ कर."

"तुम्ही खोलीत होतात का हो त्या दिवशी?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण तिने मान खाली घातली, आणि बातिमाला उत्तर मिळालं. ती गेली. जाताना दार हळूच लावलं. जोरात आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं आपाय पुढे म्हणायची.

त्याच दुपारी ती माझ्याकडे आली. मी बाउरसाक, म्हणजे पिठाचे गोळे, तळत होते. कोट न काढताच बसली आणि मला ते पान वाचून दाखवलं, आईच्या हाकेपर्यंत. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "आपाय, हे तर छान आहे. कुणी लिहिलंय? याची आई बुडाली होती का?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिला नवरा गेला तेव्हा रडताना पाहिलं आहे. हे ते नव्हतं. एखादं मूल चोरी पकडल्यावर भिंतीकडे तोंड करून उभं राहतं, तशी ती माझ्या टेबलापाशी बसली होती. कढईतले बाउरसाक जळले, तरी मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी कैसार म्हणाला, "त्यात काय, काढून टाकू. बटण दाबायचा अवकाश. आठवड्याभरात लोक विसरतील."

"गुपचूप काढला तर," कुल्याश म्हणाली, "लोक म्हणतील, म्हातारा इतका बिघडलाय की लेखही काढावा लागला. दोष त्यांच्यावर जाईल. लेखाखाली छापायचं, की हा लेख आम्ही कुणीच वाचला नव्हता, परीक्षणं खोटी होती, आणि चूक लेखकाची नाही, संपादिकेची आहे."

कैसार हसला. मग ती गंमत करत नाही हे लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "आपाय, परीक्षणं खोटी म्हटलं की एकाच लेखाची राहतात का? सगळीच खोटी ठरतील. सूचीवाले आपल्याला हाकलतील. त्या शेकडो पोरांच्या डॉक्टरेटचं काय? एका म्हाताऱ्याच्या अब्रूसाठी?"

"त्यांची अब्रू मी घालवली आहे."

"मग तुमची घालवा ना! माझी कशाला?"

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता, आणि हे तिला कळत होतं. तिने आठवडाभर काही केलं नाही. जेवली नाही, फोन घेतले नाहीत. मग एका सकाळी ऑफिसात जाऊन, इतकी वर्षं आपोआप बसणारी ती सही स्वतःच्या हाताने बसवून, तिने तो मजकूर सगळ्यांना दिसेल असा टाकला. कैसारने काढेपर्यंत तो देशभर पोचला होता.

पुढे कैसार म्हणाला तसंच झालं. सूचीतून नावं गेली, एकेक करून सगळी. मंत्रालयाने त्या वर्षांचे लेख धरायला नकार दिला. काही लोकांनी तिला फोन करून धाडसी म्हटलं. ते फोन ती अर्ध्यातच ठेवायची. कारण दारात दुसरी माणसं यायची. शिव्या देणारे तिला परवडले, त्यांना ती सरळ तोंड देई. काही जण तर नुसतेच भांडायला आलेले, त्यांचे लेख कुणाकडून तरी लिहून घेतलेले. त्यांच्या डोळ्यांत बघणं अवघड नव्हतं.

पण एके दिवशी किझिलोर्दाहून आइमान नावाची बाई आली. भाताच्या शेतात मीठ कसं चढतं, यावर तिने काम केलं होतं. तिच्या हातांवर उन्हाचे डाग होते. मी त्या वेळी तिथेच होते, चहा मीच ओतला.

आइमान म्हणाली, "आपाय, माझा लेख खरा होता. मी आठ उन्हाळे चिखलात उभी राहिले. तुमच्याकडे दिला कारण सगळे म्हणाले, तिथे लवकर होतं. तो छापून आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वाचला, कुणाला तरी पटला. आता कळलं, तुमच्या मुलींनी नावसुद्धा नीट वाचलं नव्हतं. आता सगळे म्हणतात, अक-बुलाकचा लेख? म्हणजे बनावटच."

कुल्याशने विचारलं, "तुझ्याकडे प्रत आहे? मी आत्ता वाचते."

आइमानने तिच्याकडे बघितलं. "आत्ता तुम्ही वाचलंत तर त्याचं काय करू मी, आपाय?"

तरी जाताना तिने प्रत ठेवली. कुल्याशने ती वाचली. माझ्याकडे येऊन म्हणाली, "उल्बोसिन, चांगलं काम आहे गं. फार चांगलं." आणि असं काही बोलली की मला आजही नीट सांगता येत नाही. चोराला चोरलेली वस्तू सोन्याची होती असं मागाहून कळावं, तसं काहीतरी. ज्या पोरीने तिच्यावर विश्वास टाकला, तिला खोट्यांच्या रांगेत उभं केलं ते तिने, आणि मग त्या रांगेलाच आगही तिनेच लावली. आगायांचं ऋण फेडायला निघाली आणि या पोरीचं नवं करून बसली. तिने आइमानला सविस्तर लिहून पाठवलं, कुठे काय सुधारायचं, कुठे पाठवायचं. उत्तर आलं नाही. दोन-तीन वर्षांनी तो लेख दुसरीकडे, चांगल्या ठिकाणी आला. आभारांत कुल्याशचं नाव नव्हतं. "बरोबरच केलं तिने," आपाय म्हणाली.

कैसारने अस्तानात नव्या नावाने कंपनी काढली. ती आधीपेक्षा मोठी झाली आहे. लग्नाकार्यात भेटला की तो वाकून तिचा हात दोन्ही हातांत घेतो, तब्येत विचारतो. त्याला राग नाही. हेच तिला सगळ्यात जड जातं.

आगायांकडे जायला तिने फार उशीर केला. मीच शेवटी म्हणाले, "लाज वाटते म्हणून जात नाही, आणि जात नाही म्हणून आणखी लाज वाटते. उठा." मी तिच्याबरोबर कास्केलेनला, आगायांच्या घरी गेले. बातिमाने दार उघडलं. आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही, एवढ्या रिवाजापुरतं आत घेतलं. चहा ठेवला, पाव ठेवला, लोणी ठेवलं, आणि बोलली एक शब्द नाही.

आगाय अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली, खांद्यावर चापान टाकून बसले होते. कुल्याश त्यांच्यासमोर खाली बसली आणि तिने बोलायला सुरुवात केली. काय काय पाठ करून आली होती कुणास ठाऊक. त्यांनी मध्येच विचारलं, "तू कुणाची मुलगी गं?"

"मी तुमची विद्यार्थिनी, आगाय."

"असं का?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते पुढे झुकले. "मग इतक्यात काय लिहिलंस? आणलंयस?"

"काहीच लिहिलं नाही, आगाय. बरीच वर्षं."

ती रडते आहे हे त्यांना दिसलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी शहाण्या माणसासारखं म्हणाले, "अगं, त्यात लाजायचं काय एवढं? होतं असं कधी कधी." ज्या गोष्टीची लाज होती तिचा त्यांना पत्ता नव्हता, आणि जिची नव्हती तिच्याबद्दल ते समजूत घालत होते. मला तिथे उभं राहवेना. मी आत जाऊन बातिमाला कपबश्या धुवायला मदत करू लागले.

निघताना फाटकापाशी बातिमा पहिल्यांदा बोलली. "येऊ नका असं म्हणणार नाही मी. त्यांना माणसं आवडतात. येण्याआधी फोन करा."

आता कुल्याश दर गुरुवारी जाते. बातिमाला संगीतशाळेत शिकवणी असते, तेवढा वेळ ही आगायांपाशी बसते. ते तिला दर वेळी नव्याने विचारतात, कुणाची मुलगी. ती दर वेळी नव्याने सांगते. त्या लेखाचा विषय तिने त्यांच्यापाशी पुन्हा काढला नाही. एकदा मी म्हणाले, "आपाय, इतकी वर्षं झाली, आता तरी स्वतःला माफ करा." ती कांदा चिरत होती. म्हणाली, "माफ करायचं काम माझं नाही गं. आणि ज्याचं आहे तो विसरून गेलाय."

बातिमा तिच्याशी नीट वागते. चहा देते, हवेपाण्याचं बोलते, थंडी असली की बस-थांब्यापर्यंत सोडायला येते. पण तिला आपाय म्हणत नाही. नुसतं 'तुम्ही' म्हणते.